ग्रुपवर टाकलेली खबर

लाखनीत हायवेला लागून माझं एका शटरचं ऑफिस आहे. बाहेर पाटी आहे, ‘जनसंपर्क व प्रसिद्धी’. पाटी नवी होती तेव्हा लोक आत डोकावून विचारायचे, इथे रेशनकार्डाचं काम होते का? मी हसून नाही म्हणायचो. आता कोणी विचारत नाही. विचारलंच तर इथे नेमकं काय काम होतं, हे मलाही धड सांगता येणार नाही.

सुरुवातीला काम सरळ होतं. शाळेचं स्नेहसंमेलन, दवाखान्याचं तपासणी शिबिर, राइस मिलवाल्याच्या मुलीचा सत्कार. प्रेसनोट लिहायची, झेरॉक्स काढायच्या, पाकिटात फोटो घालायचा आणि मोटरसायकलवर भंडाऱ्याला जाऊन ते पाकीट वार्ताहराच्या हातात द्यायचं. टपरीवर चहा घ्यायचा. त्याच्या घरच्या लग्नाला जायचं, मयतीलाही जायचं. दोन दिवसांनी बातमी यायची, फोटोत प्रमुख पाहुण्यांचं अर्धं डोकं कापलेलं असायचं, पाहुणे रुसायचे आणि त्यांची समजूत काढायला मी पुन्हा मोटरसायकल काढायचो. माणसांना भेटल्याशिवाय या धंद्याचं पान हलत नव्हतं.

मग सगळं मोबाईलवर आलं. म्हणाले, पेज काढा, मजकूर लिहा. लिहायला लागलो तर म्हणाले, लोक वाचत नाहीत, फोटो टाका. फोटोवर हात बसेपर्यंत व्हिडिओ आला. आडवा व्हिडिओ शिकलो, तर उभा पाहिजे. उभा शिकलो, तर छोटा पाहिजे, सुरुवातीलाच काहीतरी धाडकन झालं पाहिजे आणि मागे या आठवड्यात चालणारं गाणं पाहिजे. हे ‘म्हणाले’ म्हणजे कोण, ते मला आजवर कळलेलं नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. आमच्या धंद्यात तेवढेही मिळत नाहीत. पन्नाशीला आलेला माणूस मी, दर काही महिन्यांनी बालवाडीत जाऊन बसतो, आणि पहिली येईपर्यंत शाळाच बंद झालेली असते.

आई आमच्याकडेच राहायची. बाबा गेल्यानंतर तिचा दिवस खिडकीजवळच्या खाटेवर जायचा. मी घरी बसून रील कापायला लागलो की ती वाकून पाहायची. एकदा मी दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांना गाण्यावर हात हलवायला लावलं होतं, गुडघेदुखीची जाहिरात होती.

“हा डॉक्टर नाचून राहिला. काहून?”

“पेशंट यावे म्हणून, माय.”

“मले त्याच्याकडे नेजो नको बापा,” ती म्हणाली. “त्याचंच काही दुखून राहिलं असंन.”

या सगळ्या धावपळीत मी एक युक्ती शिकलो होतो. पोस्ट टाकल्या टाकल्या पाच-पन्नास जणांनी पसंती दिली तर ॲप ती पुढे ढकलतं, नाहीतर ती जागच्या जागी मरते. पहिल्या क्षणाला पाच-पन्नास माणसं आणायची कुठून? घरचीच. आमच्या नात्यागोत्याचा एक मोठा ग्रुप आहे, लाखनीपासून पवनीपर्यंतचे सगळे त्यात. मी प्रत्येकाला लग्नाकार्यात गाठून विनवलं, मी काही टाकलं की लगेच हात जोडा, बदाम टाका, वाचत बसू नका. पेजवर द्या आणि ग्रुपवरही द्या, म्हणजे तुमच्यापर्यंत आलं हे मला समजेल. आमची माणसं भोळी, आणि घरचा पोरगा धडपडून राहिला म्हणून कौतुकही. दवाखान्याचं शिबिर असो, शाळेचा निकाल असो की कुठल्या संस्थेच्या माजी अध्यक्षांचं निधन, माझं पोस्टर पडलं की जोडलेल्या हातांची रांग लागायची. निधनासाठी माझी एक चौकट तयारच होती. डाव्या बाजूला समई, उजवीकडे झेंडूची फुलं, मधे फोटोची जागा.

आईचं माहेर पवनीचं, विणकराच्या घरचं. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, म्हातारपणापर्यंत मागावर बसला. माग थांबवायच्या आधी त्याने कोशाच्या रेशमाचं शेवटचं एक करवतकाठी लुगडं विणलं आणि ते विकलं नाही. आमच्याकडे बाई गेली की तिच्या माहेरचं लुगडं येतं, ते अंगावर घातल्याशिवाय तिला उचलत नाहीत. ते लुगडं आईसाठी होतं, हे तिलाही माहीत होतं आणि त्यावरून बहीणभावांची थट्टा चालायची. “मीच आधी गेलो तर?” मामा विचारायचा. “तर तुह्या बायकोले सांगून ठेव, पेटीची चाबी कुठी हाये ते,” आई म्हणायची.

शेवटच्या आजारपणात मात्र तिने थट्टा सोडली. एका दुपारी माझा हात धरून म्हणाली, “मले दुसरं काही नको. माह्या भावाच्या हातचं लुगडं अंगावर पडू दे. त्याले वेळेवर सांगजो.” मी म्हटलं, सांगीन. त्यात अवघड ते काय होतं? लोकांना वेळेवर सांगणं यावरच तर माझी रोजीरोटी.

ती सकाळी गेली, चहा घ्यायच्या वेळेला. बायको रडत होती, मी मामाला फोन लावला. मामाकडे बटणांचा साधा फोन आहे, तो बहुतेक वेळ बंद असतो, तसाच बंद होता. मामेभावाला लावायचा, एवढंच बाकी होतं. पण गल्लीतली माणसं आत यायला लागली, कोणी मला मिठी मारली, कोणी पाट मागितला, डोकं बधिर झालं. अशा वेळी हाताला जे येतं ते हात करतो. मी पायरीवर बसलो, समईची चौकट उघडली, आईचा फोटो त्यात बसवला, चौकटीतच खाली दोन ओळी लिहिल्या आणि पेजवर, ग्रुपवर, सगळीकडे टाकून दिली.

ग्रुपवर सगळ्यात आधी मामेभावाचे जोडलेले हात आले. माझा मामेभाऊ वरठीला कारखान्यात कामाला आहे, पण राहतो मामाजवळच, पवनीला. त्याचे हात पाहिले आणि मला खरंच बरं वाटलं. पवनीला कळलं. आता तो मामाला गाडीवर बसवेल, पेटीतलं लुगडं घेईल आणि निघेल.

थोड्या वेळाने काकांनी विचारलं, “पवनीले खबर गेली का रे?”

“गेली,” मी म्हणालो. “निघाले असतील.”

माझ्या त्या एका शब्दावर सगळी माणसं दिवसभर बसून राहिली. तिरडी बांधून झाली. गोवऱ्या घेऊन ट्रॅक्टर पुढे गेला. आईला आंघोळ घालून अंगणात ठेवलं. दुपार झाली. मी मामेभावाला फोन लावला, नुसतीच रिंग जात होती. मी स्वतःच लोकांना समजावलं, गाडी चालवत असेल, मागे म्हातारा माणूस बसलेला, कसा उचलेल? हायवेवरून मोटरसायकल वळली की सगळे मान वर करायचे. ती दुसऱ्याच कोणाची असायची. मधल्या वेळात माझ्या खिशात मोबाईल थरथरत होता आणि मी तो काढून पाहत होतो. हात जोडले जात होते, शेकड्यांनी. मी ते वाचत होतो, हे सांगायची लाज वाटते, पण त्याने आधार वाटत होता.

ऊन उतरलं तेव्हा काका माझ्याजवळ आले. “किती वाट पाह्याची, बापू? दिवस बुडून राहिला.”

“थोडं थांबा, काका. लुगडं येऊन राहिलं.”

“थांबलोच ना. आता नाही थांबता येत.”

शेवटी आमच्या गल्लीतली एक बाई पुढे झाली. तिचंही माहेर पवनीचं. एका गावची ती बहीणच, असं म्हणून तिने आपल्या पेटीतली छापील साडी आणली, भाऊबीजेला तिला मिळालेली, घडीसुद्धा न मोडलेली. ती आईच्या अंगावर घातली आणि आम्ही तिला उचललं. त्या बाईचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण आईने ती साडी मागितली नव्हती.

घाटावरून आलो, आंघोळ करून बसलो, तोच मामेभावाचा फोन आला. तो रडत होता, धड बोलता येत नव्हतं. “दादा, मी कारखान्याच्या गेटवर होतो. तुही समईवाली चौकट दिसली. मले वाटलं, तुह्या कोन्या संस्थेचं असंन. उघडली नाही रे. हात जोडले अन् मोबाईल लॉकरमध्ये ठेवला.” फोटो बोटाने उघडेपर्यंत धूसर दिसतो, त्यात आत्याचा चेहरा आहे हे त्याला दिसलंच नव्हतं. माझे फोटो कोणीच उघडत नाही, मोबाईल भरून जातो म्हणून, हेही त्याच्याच तोंडून मला पहिल्यांदा कळलं. मी शिकवलं होतं, तेच त्याने केलं. वाचत बसू नका.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. काखेत धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेलं लुगडं होतं. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, भाचा कितीही लहान असो. सुतक होतं म्हणून तेवढं वाचलं, नाहीतर मी तिथेच मेलो असतो. तो आत आला, आईच्या खाटेची जागा रिकामी होती, तिथे जमिनीवर बसला.

“मले सांगाले कोणी आलं नाही, बापू,” तो म्हणाला. रागाने नाही. जसं काही झालं ते समजून घ्यायचं होतं.

“ग्रुपवर टाकलं होतं, मामाजी.”

“कुठी?”

तो मान हलवत राहिला. त्याच्या लहानपणी मयतीची खबर घेऊन माणूस सायकलवर यायचा, म्हणाला, चपला न काढता दारातूनच सांगायचा आणि पाणी न पिता पुढच्या गावाला जायचा. चार गावं फिरून तो माणूस घरी जायचा तेव्हा चारही गावं वाटेला लागलेली असायची. लाखनीहून पवनीला जायला माझ्याकडे मोटरसायकल आहे. गल्लीतल्या कोणालाही पाठवलं असतं तर तो दुपारच्या आत मामाला घेऊन आला असता.

त्या आठवड्यात डॉक्टरसाहेबांचा निरोप आला. आधी सांत्वन केलं, मनापासून केलं, ते चांगले गृहस्थ आहेत. मग म्हणाले, तुमच्या आईची पोस्ट मात्र खूप दूर गेली हो, आपल्या शिबिराची अशी का जात नाही? खरं होतं. मी आजवर केलेल्या कामात ती सगळ्यांत जास्त चालली. परक्या गावच्या, परक्या राज्यातल्या माणसांनी माझ्या आईसाठी हात जोडले, आणि पवनीचा तिचा सख्खा भाऊ अंगणात मोडलेल्या मागाजवळ ऊन खात बसला होता. माझ्या धंद्याबद्दल मला आता एवढंच म्हणायचं आहे. तरी मी शटर उघडतो. दुसरं काही येत नाही. ग्रुपवर काही टाकलं की हात अजूनही येतात, आणि ते दिसले की मी मोबाईल पालथा ठेवतो.

मेलेल्या माणसासाठी निघालेलं वस्त्र परत पेटीत जात नाही. मामा ते घरी नेऊ शकत नव्हता आणि आम्ही ठेवून घेऊ शकत नव्हतो. शेवटी तोच म्हणाला, “तिची राख पवनीच्या घाटावर आणजो. मी येतो.” आम्ही गेलो. सकाळची वेळ होती, वैनगंगेला पाणी भरपूर होतं. राख सोडून झाल्यावर मामा गुडघाभर पाण्यात उतरला, पंचा सोडला आणि लुगडं घडी मोडून पाण्यावर पसरलं. ते लगेच बुडालं नाही. तांबडे काठ लांबवर उलगडत गेले, कोशाचा तो मधासारखा रंग उन्हात लखलखला, आणि मी, तिचा मुलगा, मनात म्हणालो, उजेड मस्त आहे. मोबाईल माझ्या हातात आलेलाही होता. उभा धरला होता.

मामाने वळून पाहिलं. मी हात खाली घेतला.

“काढ, बापू,” तो म्हणाला. “तिच्या अंगावर तर कोणी पायलं नाही. असं तरी पाहू दे लोकाईले.”

मी काढला. फोटो फार चांगला आला आहे. मला तो कोणालाच दाखवता येत नाही.