न फुटलेला डोळा

नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमची बीजं चांगली होती. प्रत्येकात शुक्राणू सुईने आत सोडला. पण एकही बीज जागं झालं नाही." जागं म्हणजे काय, ते त्यांनीच समजावलं. शुक्राणू आपल्यासोबत एक एन्झाइम आणतो. ते आत गेलं की बीजात कॅल्शियमच्या लाटा उठतात, आणि त्या इशाऱ्यावर बीज विभागायला लागतं. माझ्या नवऱ्याचं तेच एन्झाइम बहुधा काम करत नव्हतं. फॉस्फोलायपेज की काय, लांबलचक नाव. बाकी शुक्राणू दिसायला धडधाकट, म्हणून इतकी वर्षं त्याचे रिपोर्ट नॉर्मल आणि सगळ्यांची बोटं माझ्याकडे.

आमची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. नवऱ्याला माझ्याआधी कळलं. "छाटणीनंतर काडीच्या डोळ्याला पेस्ट नाय लावली तर तो नीट फुटत नाय, आतला कोंब झोपूनच राहतो, तसंच ना? मग इथं पेस्ट लावता येत नाय का, मॅडम?"

बाई हसल्या नाहीत. असं एक औषध आहे म्हणाल्या, पण खात्री देता येत नाही. पुढच्या वेळी त्यांनी ते वापरलं. एक बीज जागं झालं, थोडं वाढलं आणि थांबलं. मला भयंकर राग आला. पण काढायचा कोणावर, एन्झाइमवर?

सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. नेहमीसारखं त्यांनी आम्हाला वणीच्या गडावर नेलं. देवीची ओटी भरायची आणि प्रसादाचा नारळ माझ्या पदरात घालायचा, हे दरवर्षीचंच. दर्शन झाल्यावर त्या देवीकडे बघून म्हणाल्या, "माय, हिचं कुठं अडलंय ते बघ."

"आई, हिचं नाय. खोट माझ्यात हाय," नवरा म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय."

मला रडूच आलं. एवढी वर्षं मी याच वाक्याची वाट पाहत होते.

सासूबाईंनी त्याच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "लय गुणाचं रे माझं लेकरू! बायकोला बोल लागू नये म्हणून सगळं स्वतःवर घेतं." मग माझ्याकडे वळल्या. "असा नवरा मिळायला नशीब लागतं, बाई."

तो पुन्हा सांगत होता. त्या नारळ धरून उभ्या होत्या. पुरुषाची ओटी भरायची रीत आमच्याकडे नाही. मी पदर पसरला.