पाहणीला नको, नामकरणाला या

सुशीला कांबळेबाईंची आणि माझी ओळख नव्वदच्या सुमारास, कोल्हापुरातल्या आमच्या शाळेत झाली. मी नवा शिक्षक, त्या विज्ञान शिकवत. शिक्षकांच्या खोलीत जळकट वास आला म्हणून मी इकडेतिकडे पाहू लागलो, तर बाई म्हणाल्या, "शोधू नका, पावणं. माझ्या साडीचा हाय त्यो वास. रातभर कचरा पेटलाय आमच्याकडं."

बाईंची बौद्ध वस्ती शहराच्या कडेला. तिला लागून कचरा डेपो आला, तेव्हा कागदावर ती जागा 'मोकळी' होती. घरं होती, विहीर होती, माणसं होती, तरी मोकळी! मोकळी जागा नेमकी अशाच वस्त्यांजवळ कशी सापडते, असं विचारलं की आपल्या लोकांना राग येतो. आला तर येवो.

बाई महापालिकेकडे अर्ज करत. साहेब पाहणीला येत. पण आदल्या दिवशीच डेपोवर वास मारणारी पांढरी पावडर पडे, आग विझवली जाई, आणि साहेब "एवढा काही वास नाही" म्हणून परत जात. मी नुसता चडफडायचो. बाईंनी एका साहेबांना पाहणीऐवजी नातीच्या नामकरणालाच बोलावलं. कार्यालयाला याचा पत्ता नाही, त्यामुळे पावडरही नाही. वंदना झाली, खिरीची वाटी हातात आली आणि साहेबांनी नाकाला रुमाल लावला. बाई अदबीनं म्हणाल्या, "लावा की सायेब. पर बाळाच्या नाकाला कुणी लावायचा?"

साहेब ओशाळले. थोड्याच दिवसांत काम सुरू झालं. कसलं काम? डेपोला भिंत बांधली, तीही फक्त रस्त्याच्या बाजूनं, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसू नये म्हणून! वस्तीकडची बाजू उघडीच. कपाळावर हात मारून घ्यावा, दुसरं काय? पुढे त्या साहेबांची बदली झाली, नवे आले, आणि बाईंनी पुन्हा पहिला अर्ज लिहायला घेतला.

माझ्या मुलीला दमा होता. तिला सोबत नेलं की बाई दारातूनच मला परत पाठवत. "तिला न्या आधी हितनं. सोसायचं न्हाय तिला," असं म्हणत. आत त्यांची नात रांगत असे.

आता बाईंनी साठी गाठली आहे, म्हणून आम्ही शाळेतले सहकारी त्यांचा सत्कार करतो आहोत. त्यांचा खोकला हटत नाही. मुलगा जयसिंगपूरला राहायला बोलावतो, तर म्हणतात, "सगळी वस्ती न्हेतोस का बरुबर?" या हट्टापायी आम्ही त्यांच्याशी भांडलो आहोत आणि दर वेळी हरलो आहोत.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा आहे. ते बाई जिद्दीनं काढतीलही. निरोगी आयुष्य मात्र त्यांना आपण शहरवाल्यांनीच द्यायचं आहे. तोवर सत्काराला येणाऱ्यांना एवढीच विनंती, की हार आणि गुच्छ आणू नयेत. दुसऱ्या दिवशी ते बाईंच्याच घराशेजारी येऊन कुजतील.