माणसाचं प्रोटीन

लॅबमध्ये वर्षानुवर्षं काम केलं की रिझल्ट थोडे जमतात आणि किस्से ढीगभर. रिझल्ट निदान कुठंतरी छापून येतात. किस्से आपले चहाच्या टेबलावर साचत राहतात. आमच्याकडचे तर असे, की ऐकणारा हसायला तोंड उघडतो आणि तसंच उघडं ठेवतो!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगर जिल्ह्यात बेलापूरच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यातलं एक नवंकोरं मेडिकल कॉलेज. मी बायोकेमिस्ट्रीत डेमॉन्स्ट्रेटर. विभागप्रमुख देशपांडे सर, अटेंडंट रावसाहेब, आणि परदेशातून शिकून आलेल्या गायकवाड मॅडम. मूळच्या खर्डा गावच्या. मॅडमना माणसाचं एक प्रोटीन बॅक्टेरियाकडून बनवून घ्यायचं होतं.

"मज्जातंतूच्या पेशीत रसायनाच्या बारीक पिशव्या असतात," त्या समजावून सांगायच्या. "पिशवी पेशीच्या कडेला जाऊन अडकते, उघडते, आणि निरोप पुढं जातो. हे प्रोटीन म्हणजे पिशवी अडकवायचा आकडा. धनुर्वाताचं विष नेमका हा आकडाच कापतं. मग 'सैल पड' हा निरोप स्नायूला मिळतच नाही."

आकडा भरपूर बनवायचा, पुण्याच्या मोठ्या लॅबला पाठवायचा, आणि विषाची कात्री कशानं अडते ते तिथं शोधायचं, असा बेत.

* * *

या प्रोटीनची कृती ज्यात असते तो जीन आला पोस्टानं! थर्मास नाही, बर्फ नाही. मॅडमच्या तिकडच्या गुरूंनी टिपकागदाच्या तुकड्यावर थेंबभर द्रावण वाळवलं, भोवती पेन्सिलनं गोल काढला आणि दिला पाठवून.

देशपांडे सरांनी कागद खिडकीशी उजेडात धरला, उलटा करून पाहिला.

"मॅडम, यात माणूस कुठाय?"

"आहे ना सर. एका प्रोटीनपुरता आहे!"

* * *

लाईट गेली की आमचा डीप फ्रीज घामाघूम व्हायचा. मग रावसाहेब लुनावर पोतं टाकून बर्फाच्या फॅक्टरीत जायचे. पहिल्याच दिवशी मालकानं विचारलं, "एवढं काय ठिवायचंय बर्फात?"

"मान्साचं हाय," रावसाहेबांनी जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं.

मालकानं डोक्यावरची टोपी काढली. "कोन गेलं वो?"

"कोन न्हाई गेलं! आजून तयार करतोय!"

आम्ही पोट धरून हसलो. पण मालकाचंही फारसं चुकत नव्हतं. त्याचा बराचसा बर्फ आमच्याच हॉस्पिटलच्या शवागारात जायचा.

* * *

मॅडमच्या आई एकदा लेकीला भेटायला आल्या. आमच्या लॅबच्या बरोबर खाली धनुर्वाताचा वॉर्ड. खिडक्यांना काळे पडदे, सगळ्यांचे पाय अनवाणी. एखादं भांडं पडलं तरी पेशंटला झटका यायचा. आईंनी दारातून आत पाहिलं आणि तडक वर आल्या.

"ही तर दातखीळ."

"हो आई. त्यावरच तर काम करतेय मी." मॅडमनी आकड्याचं सगळं पुन्हा सांगितलं.

आईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "तुज्या आदी एक लेकरू झाल्तं मला. पोरगा. प्यायचा बंद झाला अन् कमानीवानी वाकून गेला. नाळ ईळ्यानं कापल्ती. तुजी आजी मरस्तोवर म्हनायची, हिनंच खाल्लं पोराला."

"आई! हे तू कधी बोलली नाहीस!"

"काय बोलायचं? मला बी तसंच वाटायचं."

* * *

बॅक्टेरियाला वाढताना हवा लागते, म्हणून त्यांचे फ्लास्क सतत हलवत ठेवावे लागतात. त्यासाठी आमच्याकडं शेकर होता. जुना, जड. सुरू झाला की फरशी घरघरायची.

एका दुपारी वॉर्डातली सिस्टर वर आली. तिथं राहून तिची मोठ्यानं बोलायची सवयच गेली होती. कुजबुजत म्हणाली, "हे मशीन बंद करा. हे सुरू झालं की आमचा पेशंट वाकतो."

पेशंट म्हणजे अशोक, गावातला वेल्डर. पायात पत्रा घुसला, तो यानं स्वतःच उपसून काढला आणि पुन्हा कामाला लागला.

फ्लास्कमधले बॅक्टेरिया निम्मेच वाढले होते. आता थांबलं की सगळा माल वाया. देशपांडे सर म्हणाले, "सिस्टर, धनुर्वातावरच संशोधन चालू आहे आमचं!"

"व्हय सर. खाली दिसतंय."

मॅडमनी तोवर प्लग उपटला होता. "तो आल्यापासून हे असंच चाललंय?" त्यांनी विचारलं. सिस्टरनं मान डोलावली. मॅडम खुर्ची समोर असताना खाली फरशीवर बसल्या.

* * *

दुसऱ्या दिवशी मॅडम नवे फ्लास्क घेऊन थेट गच्चीवर! मे महिना, नगरचं ऊन. बॅक्टेरियाला लागते तेवढी ऊब सावलीतसुद्धा फुकट. पत्र्याच्या शेडखाली आम्ही चौघं हातानं फ्लास्क हलवत बसलो. डोक्याला टॉवेल गुंडाळून देशपांडे सर म्हणाले, "पीएचडीला मला हे कुणी शिकवलं नव्हतं!"

अशोकची बायको, मंदा, जिन्यात बसून असायची. वॉर्डात थांबू देत नव्हते. तिनं रावसाहेबांना विचारून घेतलं, काय चाललंय आणि अंगातला कुठला आकडा तुटतो ते. मग वर आली, पदर खोचला आणि सरांच्या हातातला फ्लास्क काढून घेतला.

"द्या. तुमचा हात दमलाय."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हे झालं की त्यास्नी देनार का?"

मॅडमनी नजर चुकवली नाही. "नाही मंदाताई. हे औषध नाही. औषध शोधायला हे लागतं. त्याला वर्षं जातील."

मला वाटलं, आता ही फ्लास्क खाली ठेवणार. पण मंदाचा हात थांबला नाही.

प्रोटीन निघालं. फार नाही, करंगळीएवढ्या नळीत मावलं सगळं. तपासणीत प्रोटीनची निळी रेघ नेमकी हवी तिथं उमटली. सर ओरडले, "पेढे आणा रे!"

"हळू सर," मॅडम म्हणाल्या. "खाली झटका येईल."

* * *

अशोक त्याच आठवड्यात गेला. सकाळी.

मंदा वर आली तेव्हा आम्ही पुण्याला पाठवायच्या पार्सलची तयारी करत होतो. रडून झालं होतं तिचं. दारातच उभी राहिली.

"ताई, त्यांच्या अंगातलं जे तुटलं, ते तुमच्याकडं साबूत हाय ना?"

"आहे," मॅडम म्हणाल्या.

"मंग ते द्या. तुटकं मानूस कसं धाडू मी?"

देशपांडे सर म्हणाले, "अहो बाई, ते पुण्याला..." आणि चष्मा काढून नुसता हातात धरून बसले.

मॅडमनी फ्रीज उघडला. नळी काढली, तिच्यावरचं दव ओढणीनं पुसलं आणि मंदाच्या हातावर ठेवली.

मंदानं मूठ मिटली.

"लई गार हाय," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.