राणी, राष्ट्राध्यक्ष आणि दारातला पाट

एका वर्षी आमच्या घरचा गणपती ओला आला, आणि त्याला इंग्लंड, अमेरिका, स्वित्झर्लंड व मी, असे चौघे जबाबदार आहोत. त्यातल्या तिघांना पेडणे कुठे आहे हे माहीत नाही. मला माहीत होतं, म्हणून दोष माझा.

मी डिचोलीला उच्च माध्यमिक शाळेत राज्यशास्त्र शिकवतो. वेगवेगळ्या देशांतल्या लोकशाही शासनपद्धतींची तुलना हा माझा सगळ्यात आवडता धडा. (मुलांचाही. त्या तासाला झोप छान लागते.) पेडण्याच्या घरी मात्र चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की सगळा कारभार एकट्या काकीचा. काका गेल्यापासून गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं आणायला रानात कोणी जायचं, नारळ कोणी सोलायचे, नेवऱ्या कोणी तळायच्या, हे ती दारात उभी राहून ओरडून सांगायची आणि सगळं वेळेवर व्हायचं. शिकलेल्या माणसाला हे कसं सहन होणार?

त्या पावसाळ्यात मी घरच्यांना पडवीत बसवलं. "ही हुकूमशाही आहे! गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज गेले, आणि आपल्या घरात अजून..."

"पोर्तुगीज गेले, आई ऱ्हवली!" बाबल म्हणाला. बाबल हा काकीचा मुलगा, माझा चुलतभाऊ. वास्कोला बंदरात कामाला, रजेवर आला होता.

काकी वाल सोलत होती. "मगे माका खंय धाडतलंस? लिस्बनाक?"

"नाही गे काकी, तू इंग्लंडच्या राणीसारखी! मान सगळ्यात मोठा तुझा. फक्त कारभारात बोलायचं नाही."

"नवी सून घरात येता तेव्हा तिका ह्याच सांगतत," काकी म्हणाली आणि पुढचा वाल उचलला.

मोठा भाऊ, म्हणजे खाणीवर ट्रक चालवणारा आमचा दादा, पंतप्रधान झाला. मी मंत्री झालो. बाबलला खातं मिळालं नाही म्हणून तो विरोधी पक्ष! दादाने नारळ काढायला माडावर पाडेली चढवायचा म्हटलं की बाबल हरकत घेई. मी हरकतीवर भाषण करी. भाषण संपेपर्यंत पाडेली दुसऱ्याच्या माडावर गेलेला असे. आमच्याकडे नारळ पडायच्या आधी सरकार पडलं!

मग मी अमेरिका आणली. दादा राष्ट्राध्यक्ष, खजिना बायकांच्या सभागृहाकडे, आणि सभागृहाची प्रमुख माझी बायको शालिनी. दादाने फटाके मागितले, सभागृहाने नाकारले. दादाने चिडून नेवऱ्यांच्या खोबऱ्यावर नकाराधिकार वापरला. सभागृहाने चूल विझवली. आम्ही पोदेराचे उंडे, म्हणजे पाव, चहात बुडवून दिवस काढू लागलो.

"अमेरिकेतसुद्धा सरकार असंच बंद पडतं," मी अभिमानाने सांगितलं.

"थंय लोक जेवतत मां?" शालिनीने विचारलं.

शेवटी स्वित्झर्लंड! प्रत्येक गोष्टीवर सर्वांचं मत. पितळी लोट्यात होकाराला सुपारी टाकायची, नकाराला काजूची बी. माटोळीला कवंडळाची फळं किती, यावर मतदान. आरती आधी कोणती, यावर मतदान. कशाकशावर मतदान घ्यायचं, यावरही मतदान!

आता पाटाचं सांगतो. आमच्याकडे चवथीच्या बरंच आधी घरचा पाट चित्रशाळेत पोचवायचा असतो. मूर्तिकार त्याच पाटावर गणपती घडवतो. पाट नाही, तर गणपती नाही. दर वर्षी काकी पाट चिंचेने घासून दारात ठेवायची आणि ओरडायची, "पाट व्हर रे कोणतरी!" जो जवळ असेल तो निमूट घेऊन जायचा. त्या वर्षी तिने पाट घासला, दारात ठेवला आणि राणीला शोभेल अशी गप्प राहिली. त्यावर बसून बूट घालणारा पहिला माणूस मी. काकीने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, तिला बदल मान्य झाला.

चवथीच्या आदल्या दिवशी दादाचा ट्रक धुऊन, झांजा वाजवत आम्ही तिघे चित्रशाळेत गेलो.

"तुमचो पाट खंय?" पुंडलिक मूर्तिकाराने विचारलं.

दादाने बाबलकडे पाहिलं. बाबलने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "त्यावर मतदान झालं नव्हतं."

रिकामा ट्रक घरी आला. काकी दारात आरतीचं ताट घेऊन उभी होती. "बाप्पा खंय?"

तिने ट्रकमध्ये डोकावून पाहिलं. काकांच्या मागे एकही चवथ तिने चुकवली नव्हती. आणि मी, राज्यशास्त्राचा शिक्षक, काय बोललो? "काकी, तू आठवण करून द्यायला हवी होतीस!"

"माका बोलूक मनाई आसली मां?"

एवढंच. ताट तिने खाली ठेवलं. पाट स्वतः कमरेवर घेतला आणि चालू पडली. चित्रशाळेत पुंडलिकासमोर ठाण मांडून बसली आणि सकाळी परतली ती वितीएवढा, ओल्या मातीचा, नुसते डोळे रंगवलेला गणपती घेऊन.

भटजी दुर्वेने पाणी शिंपडताना मला दटावत होते, "वारो घाल, सोंड वाकता!" मी विंझणा हलवत होतो. शेजारी दर्शनाला येऊन विचारत होते, "बाप्पा सरळ तळ्यातसून इलो काय रे, मास्तर?"

आरती संपली. विंझणा खाली ठेवून मी सगळ्यांसमोर काकीचे पाय धरले. "काकी, माजा चुकला. माका माफ कर."

"माका कित्याक विचारतस? मत घे."

लोटा आला! मला तोंड वर करवेना. शालिनीचं मत लोट्यात पडलं तेव्हा आवाज सगळ्यात मोठा झाला. दादाने लोटा पालथा केला. काजूच्या बियाच बिया, आणि त्यांत एकच सुपारी.

"हरलंस," बाबल म्हणाला.

काकीने ती सुपारी उचलून कनवटीला लावली. "ह्या घरात माजाच मत चलता. माफ केलंय. आता उठ आणि वारो घाल, बाप्पाचो कान अजून सुकूक नाय."

लोकशाहीने मला दोषी ठरवलं, हुकूमशाहीने सोडून दिलं. मी मुकाट्याने विंझणा उचलला. सुट्टी संपल्यावर वर्गात पुढचा धडा होता : लोकशाहीचे फायदे.