केळीचा ट्रक अडवा

आमच्या असोद्याकडे "केळीचा ट्रक होता" असं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. हंगामात दर दुसरा ट्रक केळीचाच असतो. तरी माझ्या अपघातानंतर मोठ्या भावाने पुढच्या गावी फोन करून नेमकं तेवढंच सांगितलं: केळीचा ट्रक आहे, अडवा.

आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा पाय आणि जीभ, दोन्ही जड झालेली. जळगावला व्यायामाला नेत राहिलात तर चालतील, खंड पडला तर पाय आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एसटीत त्यांना चढता येईना, म्हणून मी माझ्या पांढऱ्या गाडीतून नेत असे. त्या सकाळी गाव सोडतोय तोच मागून भरधाव ट्रक आला, गाडीची उजवी बाजू दारापासून चाकापर्यंत फाडली आणि पळाला. मला दिसला तो फक्त मालावर झाकलेला केळीचा पाला. आबांकडे बघू की नंबराकडे? त्यांना खरचटलंही नव्हतं. मी मात्र त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धरत होते.

थोड्या वेळाने पुढच्या गावच्या मोटारसायकलवाल्यांनी घेरून एक ट्रक माघारी आणला. ड्रायव्हर परमुलखातला, कोवळा पोरगा. "बहनजी, मैंने नहीं मारा," म्हणाला. मग गर्दीकडे बघून त्याने खिशातलं पाकीटच पुढे केलं. "जो लेना है ले लो, माल पक जाएगा."

"बघ, कबूल झाला," भाऊ म्हणाला.

मी ट्रकला वळसा घातला. माझ्या गाडीला घासलं असतं त्या डाव्या अंगावर जुनी धूळ जशीच्या तशी, पांढऱ्या रंगाचा ओरखडा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

"भाऊ, हा तो नाही."

"नसू दे. काबरं सोडतेस त्याले? गाडी कोन नीट करीन? आबाले कशात नेशीन?"

मी आबांच्या पायाकडे बघितलं. तरी म्हटलं, "फुल विमा आहे माझा. मारणारा सापडलाच पाहिजे असं त्यात नाही."

"कंपनी काय तुझी मावशी लागते?"

आमच्याकडे असल्या भानगडी रस्त्यातच मिटवतात. बुजुर्गाने आकडा सांगायचा आणि दोन्ही बाजूंनी मान डोलवायची. गावातला तो बुजुर्ग वर्षानुवर्षं आबाच. सगळे त्यांच्याकडे वळले. गाडी अडून राहिली तर पाय त्यांचाच जाणार होता. त्यांनी जीभ गोळा केली आणि एकेक शब्द ढकलत म्हणाले, "जाऊ... द्या... त्याले."

मोटारसायकलवाल्यांनी ट्रकला वाट करून दिली.

मी पोलिसांत अनोळखी वाहनाविरुद्ध तक्रार दिली, फोटो काढले आणि त्याच दिवशी कंपनीला कळवलं. भाऊ गाडी ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे ठोकायला न्यायला निघाला होता. म्हटलं, सर्व्हेअर बघेपर्यंत हात लावशील तर याद राख. तो आठवडाभर माझ्यावर धुमसत होता, पण आबांना रिक्षातून जळगावला त्यानेच नेलं. रिक्षात त्यांचा पाय दुमडून कळा यायच्या, बऱ्याच खेपा चुकल्या. रोज वाटायचं, माझ्या शहाणपणापायी त्यांचं चालणं गेलं तर?

विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला आला. त्याने विचारलं, "समोरची गाडी कोणती?" मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "एक धरला होता साहेब. पन तो नव्हता. सोडून देला."

"बरं केलंत. त्याच्याकडून पैसे घेतले असते तर मी खरं म्हणून काय लिहिलं असतं?"

भाऊ मान खाली घालून चहा सांगायला गेला.

आमच्या वाट्याची थोडी रक्कम सोडली तर बाकी सगळं विम्याने भरलं. पळालेला ट्रक आजतागायत सापडलेला नाही आणि माझं त्यावाचून काही अडलं नाही. गाडी दारात आली त्या दिवशी आबा ओट्यावरून काठी टेकत, माझा हात न धरता खाली आले. पाय ओढत होते, पण चालत होते. नव्या दारावरून त्यांनी हात फिरवला. मला वाटलं, आता गाडीबद्दल काही बोलतील.

"त्या पोराची केळी," ते म्हणाले, "पिकायच्या आत पोचली असतीन न गं?"

मला काय माहीत. पण मी छातीठोकपणे हो म्हटलं, आणि मला रडू आलं.