दाढीवाल्याची भाकरी
भाकरी करपल्याचा वास आला की मला तो दाढीवाला आठवतो. मार्केट यार्डातला टेम्पो घेऊन मी गावोगाव कांदा भरत हिंडत होतो, सोबत बायको होती. वाटेत एका माळावर शहर सोडून आलेली माणसं मिळून शेती करायची, त्यांनी जेवायला बसवलं. चूल बाप्यांनी सांभाळायची, बायकांना आधी वाढायचं, असा तिथला नेम. दाढीवाल्यानं थापलेली भाकरी बायकोनं हसत दुसऱ्यांदा मागून घेतली. माझा नुसता जळफळाट. टेम्पोत बसल्यावर म्हणालो, "एवढी गोड लागली तर राहायचं होतंस तिथंच." ती म्हणाली, "अहो, तुम्ही एकदा थापून वाढा, मग बोला." घरी येऊन थापली, ती करपली. तिनं खाल्ली, पण दुसरी मागितली नाही. आता म्हातारा झालो, तरी रोज थापतोय. तिनं दुसरी मागितल्याशिवाय सोडणार नाही.