मास्तरांचं हेलिकॉप्टर थांबलं होतं

जऊळक्यात आजही कोणी स्टेशनमास्तरांची आठवण काढली, की लोक हसून म्हणतात, "त्याईचं हेलिकॉप्टर काही थांबलं नाही बापा." मी तिथेच बसलेला असतो. हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता माझंही वय झालं, म्हणून लिहून ठेवतो. ते थांबलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

थांबत नव्हते ते मास्तर. निवृत्तीनंतर ते गावातच राहिले, पण रेल्वे त्यांच्या अंगातून उतरली नाही. माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर होतं. सकाळी यायचे, स्टुलावर टेकायचे, लगेच उठायचे. चहा अर्धा टाकून दारात जायचे, रुळांकडे बघायचे आणि परत येऊन मघाचं वाक्य पुरं करायचे.

"मास्तर, बसा ना घडीभर. तुमाले पाहूनच मले दम लागते," मी म्हणायचो.

"गाडी चालवणं डायवरचं काम, थांबवणं माह्यं. थांबवणाऱ्याले बसून जमत नाही, गजाभाऊ."

अशा माणसाने अकोल्याच्या बाजारातून रिमोटवर उडणारं छोटं हेलिकॉप्टर आणलं. ते उडायचं, पण चक्कर आल्यासारखं झोकांड्या खात भिंतीवर जायचं. पोरंसोरं टाळ्या वाजवायची. मास्तर मात्र चिडायचे. "उडते तर चिमणीबी. जागेवर थांबता आलं पायजे."

त्या हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या वर एक आडवी दांडी होती, टोकांना बारीक वजनं असलेली. फिरताना ती आपली पातळी सोडत नाही आणि पात्यांनाही सोडू देत नाही, हे मास्तरांनी मनात घोळवून घोळवून शोधलं होतं. मग त्यांनी सायकलच्या चाकातल्या आरीची लांब दांडी केली आणि टोकांना पितळेचे तुकडे लावले. वजन वाढवलं की यंत्र शांत व्हायचं, पण वळायचं नाव घ्यायचं नाही. कमी केलं की पुन्हा झोकांड्या. माझी कानस, माझा डिंक, माझी दुपार, सगळं त्यांचंच झालं होतं. मी वैतागायचो आणि ते आले नाहीत की रस्त्याकडे बघत बसायचो.

पात्यांचा तोल मात्र त्यांनी कोणाला हात लावू न देता साधला. दोन पेल्यांवर सुई आडवी ठेवायची, तिच्यावर पाती टांगायची. जी बाजू वर जाईल तिच्या टोकाला चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावायचा. मग तो कातरायचा, पुन्हा बघायचं. पट्टी केसभर सरकली तरी ओरडायचे, "गेलं सारं पाण्यात!"

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी वारा पडला होता. शाळेच्या मैदानात मास्तरांनी एक घमेलं पालथं घातलं आणि हेलिकॉप्टर त्याच्यावर वीतभर उचललं. ते तिथेच राहिलं. खिळ्याला टांगल्यासारखं. मास्तरही हलेनात. "पाह्य, गजाभाऊ," एवढंच पुटपुटले. तिथे दुसरं कोणी नव्हतं. परतताना भेटेल त्याला ते सांगत सुटले, "परवा या मैदानात. थांबवून दाखवतो."

दसऱ्याला मास्तर पांढरे कपडे घालून घरच्यांबरोबर दीक्षाभूमीवर नागपूरला जात. हेलिकॉप्टर माझ्या दुकानातच होतं. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. पाना, पकड, डाग द्यायचा कैया, मीटर, सगळं पुसून मांडलं आणि वाटलं, मास्तरांचं यंत्रही ठेवू. पण पूजेत मळकी वस्तू कशी ठेवायची? थिनरच्या फडक्याने पाती लख्ख पुसली. चिकटपट्ट्यांचे तुकडे फडक्यातच निघून आले. कोणता कोणत्या पात्याचा, ते कळेना. मी अंदाजाने चिकटवले. वर कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं.

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव मैदानात. हेलिकॉप्टर उठलं, थरथरलं, तिरपं झालं.

"मास्तर, लाल झेंडी दाखवा त्याले!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. यंत्र घमेल्यावर आपटलं आणि पातं तुटलं.

सगळे पांगल्यावर त्यांनी विचारलं, "गजाभाऊ, पात्याईले हात तर नाही लावला?"

"नाही मास्तर. पूजेत ठेवलं, तेवढंच."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी बोललो असतो, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. त्यांनी विचारलं नाही. "मंग माह्याच हाताचा दोष," म्हणाले आणि तुकडे पिशवीत भरले.

त्यानंतरही ते दुकानात यायचे. स्टुलावर बसायचे ते बसूनच राहायचे. चहा पूर्ण प्यायचे. गाडीची शिटी झाली तरी मान वळायची नाही. मी मुद्दाम दांडीचा विषय काढला, की म्हणायचे, "कायले? झालं ते झालं."

पुढे मुलाने त्यांना नागपूरला नेलं. एकदा मी गेलो, सगळं सांगायचंच म्हणून. अंथरुणावर होते. मला बघताच हात धरला.

"गजाभाऊ, खरं सांगा. त्या संध्याकाळी ते थांबलं होतं, का मले भास झाला?"

"थांबलं होतं मास्तर. खिळ्यासारखं."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मंग माह्यं काय चुकलं?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. सूनबाई पाणी घेऊन आल्या आणि मी म्हणालो, "त्या दिवशी हवा होती ना, मास्तर."

हवा नव्हती. लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी मान डोलावली. महिन्याभरात ते गेल्याचं कळलं.

मास्तर, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. पाती मी पुसली होती. मला माफ करा.